'चाललंय'ला घाला लगाम!

मुलांनो, कुठल्याही गटाला विचारा, "काय रे, प्रकल्प कुठवर आला?" उत्तर ठरलेलं: "चाललंय, बाई!" हे 'चाललंय' मोठं लबाड बरं का! त्यात अर्धं झालेलं काम मावतं, हातही न लावलेलं काम मावतं आणि 'ते त्याच्याकडे होतं' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं कामही मावतं. आज या 'चाललंय'ला लगाम घालायची युक्ती सांगते.

युक्ती जपानची आहे. नाव 'कानबान', म्हणजे पाटी. टोयोटा कंपनीच्या मोटारींच्या कारखान्यात ताइची ओनो नावाचे अभियंते होते. मोटार कारखान्यांत तेव्हा एक विभाग जमतील तेवढे सुटे भाग बनवायचा आणि पुढच्या विभागाकडे ढकलायचा. पुढच्याकडे नुसते ढीग! ओनोंनी अमेरिकेतल्या स्वयंसेवा दुकानांबद्दल ऐकलं होतं. तिथे गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढं घेतं आणि जेवढं गेलं तेवढंच दुकानदार पुन्हा भरतो. ओनोंनी १९५३ मध्ये कारखान्याच्या एका विभागात हीच रीत आणली. पुढच्याने लागतील तेवढेच भाग मागच्याकडून न्यायचे आणि 'आता एवढे बनवा' हे सांगणारं कार्ड मागच्याकडे जायचं. कार्ड नाही, तर काम नाही! पुढे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटांनी ही कल्पना उचलली आणि कार्डं भिंतीवरच्या फळ्यावर आली.

आपला फळा करायला पैसे लागत नाहीत. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने पाडा: 'करायचं', 'चालू आहे' आणि 'झालं'. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापा. एका चिठ्ठीवर एकच काम लिहा आणि नेमकं लिहा. नुसतं 'चित्रं' नको. 'सहलीच्या लेखाला दोन चित्रं' असं हवं. सगळ्या चिठ्ठ्या टाचणीने पहिल्या रकान्यात लावा. ज्याला काम करायचंय त्याने स्वतः चिठ्ठी उचलायची, खाली आपलं नाव घालायचं आणि मधल्या रकान्यात लावायची. दुसऱ्या कुणी वाचून, तपासून 'ठीक' म्हटलं, की मगच ती 'झालं'मध्ये जाणार.

आमच्या वर्गातल्या पाच जणांच्या गटाने हस्तलिखितासाठी असा फळा लावला. आठवडा संपला. लेख गोळा झाले, कविता आल्या, मुखपृष्ठही रंगलं, पण हस्तलिखित काही पुढे सरकेना. "ती मागे पडलीय, बाई," चौघं एका मुलीकडे बोट दाखवून म्हणाली. मी म्हटलं, "फळ्यासमोर उभे राहा आणि मधल्या रकान्यातली नावं मोठ्याने वाचा." त्यांनी वाचली. सहा चिठ्ठ्या आणि सहाही तिच्याच नावाच्या! तिचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून प्रत्येकाने आपला लेख उतरवून काढायला तिच्याच हाती दिला होता. ती रोज रात्री जागून लिहीत होती आणि वर 'मागे पडली' हेही ऐकत होती. पोरं एकदम गप्प झाली. मग एकाने पुढे होऊन दोन चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाला, "माझं अक्षर जरा कोंबडीच्या पायासारखं आहे, पण वाचता येतं." त्या हस्तलिखितात तीन जणांची अक्षरं आहेत आणि ते वेळेवर पूर्ण झालं.

त्याच दिवशी त्या गटाने एक नियम केला. मधल्या रकान्यात एका वेळी चारच चिठ्ठ्या. काम करणारे पाच आणि चिठ्ठ्या चार का बरं? विचार करा पाहू! रकाना भरला की पाचव्याला नवं काम सुरू करताच येत नाही. मग तो काय करणार? अडलेल्याजवळ जाऊन विचारणार, "तुझं कुठे अडलंय?" या फळ्याची सगळी गंमत त्या एका प्रश्नात आहे. दहा कामं सुरू करणं सोपं असतं. हातातलं एक पुरं करणं महत्त्वाचं.

आणि पालकहो, थोडं तुमच्यासाठीही. हा फळा घरी जरूर लावा. पण तो मुलांना बोलणी खायला लावणारं पत्रक होऊ देऊ नका. चिठ्ठी तीन दिवस जागची हलली नाही, तर 'का केलं नाहीस?' ऐवजी 'काय हवंय?' असं विचारून बघा. कधी नुसती कात्री हवी असते, तर कधी गणितातली एक पायरी समजलेली नसते.

तर मुलांनो, या रविवारी घरातली कामं चिठ्ठ्यांवर लिहा. पाणी भरणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, धाकट्याचा अभ्यास, सगळं लिहा. ज्याचं काम त्याचं नाव घाला. मग आईच्या नावाच्या चिठ्ठ्या मोजा. मोजून झालं की त्यातली एक हळूच काढा आणि तिथे आपलं नाव लिहा. कोणती काढलीत, ते मला पत्रातून कळवाल ना?

तुमच्या,
बाई