नर्स प्रॅक्टिशनर: अभ्यासक्रम आला, पद कुठे आहे?

थोडक्यात: नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण देशात सुरू झाले आहे. मात्र बहुतेक सरकारी भरतींत या नावाचे वेगळे पद दिसत नाही. त्यामुळे नवीन पदवीधराला नोकरी वेगळ्या नावाने शोधावी लागते आणि मुलाखतीत स्वतःच्या कामाची हद्द स्वतःच विचारून घ्यावी लागते. शिष्यवृत्तीवर किंवा शैक्षणिक कर्जावर मुलांना नर्सिंग शिकवलेल्या कुटुंबांसाठी ही माहिती आहे.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

नेमून दिलेल्या मर्यादेत रुग्णाची तपासणी करणे, उपचारांबाबत निर्णय घेणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे यासाठी जास्तीचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका किंवा परिचारक म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. आपल्याकडे याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला क्रिटिकल केअरचा, म्हणजे अतिदक्षता विभागातला. हा 2 वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंग, परिषदेची नोंदणी आणि किमान 1 वर्षाचा अनुभव लागतो. दुसरा प्रकार सुईणकर्माचा, म्हणजे मिडवाइफरीचा. त्याचे प्रशिक्षण 18 महिन्यांचे असते. तेलंगणाने 2017 मध्ये सरकारी सेवेतल्या परिचारिकांपासून त्याची सुरुवात केली आणि 2018 मध्ये केंद्राने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मग जाहिरातीत हे नाव का सापडत नाही?

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग तयार करण्याची गरज नोंदवली आहे. पण धोरणात उल्लेख होणे आणि पद मंजूर होणे यांत मोठे अंतर असते. पदासाठी राज्याला सेवाप्रवेश नियम, वेतनश्रेणी आणि अधिकार ठरवावे लागतात.

औषधे लिहून देण्याच्या अधिकाराचेही असेच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 मध्ये समुदाय आरोग्य प्रदात्यांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद आहे. मात्र नर्स प्रॅक्टिशनरची पदवी मिळाली म्हणून असा परवाना आपोआप मिळत नाही. रुग्णालयात तुम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धतीनुसारच काम करता.

दुसऱ्या बाजूला पदवीधर वाढणार आहेत. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 157 नवीन शासकीय नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. दरवर्षी सुमारे 15,700 पदवीधर वाढतील, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे येत्या काळात स्पर्धा वाढेल.

अर्ज कुठे करता येतो?

1. केंद्रीय रुग्णालये. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट ही सामाईक परीक्षा असते. पदाचे नाव नर्सिंग ऑफिसर, वेतनस्तर 7, मूळ वेतन 44,900 रुपयांपासून. येथे पात्रता तुमच्या बी.एस्सी.वर ठरते.

2. राज्य शासन आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान. महाराष्ट्रात नियमित पद 'अधिपरिचारिका' या नावाने शोधा. आयुष्मान आरोग्य मंदिरातले पद 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे आहे. ते कंत्राटी असते. महाराष्ट्रातील याआधीच्या जाहिरातींत दरमहा 25,000 रुपये मानधन आणि कामगिरीनुसार कमाल 15,000 रुपये मोबदला होता. या पदासाठी सामुदायिक आरोग्याचे 6 महिन्यांचे प्रमाणपत्र लागते. नवीन बी.एस्सी. अभ्यासक्रमात ते प्रशिक्षण समाविष्ट आहे. तुमच्या कागदपत्रांवर तशी नोंद आहे का, ते आधी पाहा.

3. खासगी रुग्णालये. क्रिटिकल केअरच्या शिक्षणाचा थेट उपयोग मोठ्या खासगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात होतो. पण नियुक्ती 'स्टाफ नर्स' म्हणून झाली, तर 2 वर्षांच्या जादा शिक्षणाचा पगारात फरक पडेलच असे नाही.

वयाचे आणि कर्जाचे गणित

समजा, 22 व्या वर्षी बी.एस्सी. झाली, 1 वर्ष नोकरी केली आणि 2 वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. म्हणजे वय झाले 25. नॉरसेटची सर्वसाधारण वयोमर्यादा 30 आहे. अनुसूचित जाती-जमातींना 5 आणि इतर मागासवर्गाला 3 वर्षांची सवलत मिळते. त्यामुळे खासगी नोकरी करतानाही ही परीक्षा देत राहणे शहाणपणाचे ठरते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर 1 वर्षाने सुरू होतो. मनासारखे पद मिळेपर्यंत घरी थांबणे म्हणूनच महागात पडते.

नोंदणी आधी पूर्ण करा

ज्या राज्यात नोकरी करायची, त्या राज्याच्या नर्सिंग परिषदेत नोंदणी लागते. बेळगाव किंवा कलबुर्गीला शिकून कोल्हापूर-सोलापुरात नोकरी करायची असेल, तर कर्नाटकची नोंदणी पुरेशी नाही. महाराष्ट्र नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. यात वेळ जातो. मुलाखतीचे पत्र येण्याची वाट पाहू नका.

मुलाखतीत काय विचारतात?

अतिदक्षता विभागासाठी व्हेंटिलेटर, रक्तातील वायूंचा अहवाल, जंतुसंसर्गाची पहिली लक्षणे आणि पाळी बदलताना रुग्णाची माहिती कशी सोपवता, यांवर प्रश्न येतात. 'रात्री 2 वाजता रुग्णाचा रक्तदाब अचानक उतरला, तर तुम्ही काय कराल?' असा प्रसंग देतात. उत्तर क्रमाने द्या: काय पाहिले, काय केले, डॉक्टरांना केव्हा कळवले, नोंद कुठे केली. आपल्या अधिकाराबाहेरचे काम 'मीच केले असते' असे सांगू नका. कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे, हे सांगता येणे हेही कौशल्यच आहे.

समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी 30 वर्षांवरील व्यक्तींची तपासणी, मधुमेह, रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग, ई-संजीवनी आणि आशा ताईंसोबतचे काम यांची तयारी करा.

तुम्ही काय विचारायचे?

नवीन उमेदवार इथेच गप्प बसतात. पुढील गोष्टी विचारणे हा उद्धटपणा नाही:

• नियुक्तीपत्रात पदनाम काय असेल? कामांची लेखी यादी मिळेल का?
• रात्रपाळीत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात की फोनवर?
• एका पाळीत माझ्याकडे किती रुग्ण असतील?
• हातात येणारा पगार किती? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का?
• बंधपत्र आहे का? किती काळाचे, किती रकमेचे?

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवा, पण ठेवून देऊ नका. लग्नाबद्दल किंवा मुलांबद्दल विचारले, तर विषय शांतपणे कामाकडे वळवा. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झाले असल्यास पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

पगाराची तुलना करायला एक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये खासगी रुग्णालयांसाठी शिफारसी केल्या. 200 पेक्षा जास्त खाटा असतील, तर राज्य शासनाच्या परिचारिकांइतका पगार द्यावा आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. या शिफारसी सगळीकडे लागू झालेल्या नाहीत. तरीही बोलणी करताना हे आकडे माहीत असावेत.

पैसे मागितले तर

नोकरीच्या मुलाखतीसाठी शुल्क नसते. भरतीची जाहिरात अभियानाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे का, ते पाहा. ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच 1930 वर फोन करा. परदेशी नोकरीसाठी एजंटचा परवाना ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आखाती देशांसह 18 देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती शासनमान्य संस्थांमार्फतच होते.

रुग्णांच्या दृष्टीने

हा प्रश्न फक्त नोकरी शोधणाऱ्यांचा नाही. शिकलेल्या परिचारिकेला योग्य पद मिळाले नाही, तर ती दुसऱ्या शहरात किंवा परदेशात जाते आणि जवळच्या रुग्णालयातली खाट तिच्याशिवाय राहते. पद मंजूर करणे शासनाच्या हातात आहे. तोपर्यंत उमेदवाराने नोंदणी, लेखी पदनाम आणि कामांची यादी या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय सही करू नये.