पाळणा लांबविताना

मूल अंगावर पीत असता ‘दुसरे एवढ्यात नको’ म्हणणाऱ्या मातेस पिप्पली, विडंग व टंकण यांचा योग देऊन मोकळे होणे आम्हांस उचित वाटत नाही. योग ग्रंथोक्त खरा. परंतु तिने त्यावर विसंबावे इतका पुरावा नाही. प्रथम विचारावे, पुढील मूल केव्हा हवे? जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने सांगते. तीन-चार वर्षांचे अंतर हवे असल्यास तांबी उत्तम. काढताच गर्भधारणेची क्षमता परतते. ‘अंतरा’ इंजेक्शन थांबविल्यावर मात्र गर्भ राहण्यास बहुधा सात ते दहा महिने लागतात. हे औषधविक्रेत्यांनीही सांगावे. नागपुरात डागा शासकीय स्त्री रुग्णालय असताना तेथे चिठ्ठी देण्यात वैद्यास कमीपणा कसला?