पलटण मोडते कशी, उभी राहते कशी

दिवाळी अंकात सैनिकावर लेख आला की तो बहुधा कृतज्ञतेचा असतो. सीमेवर जवान जागा आहे म्हणून आपल्या दारात पणती तेवते, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात हमखास येते, वाचक मान डोलावतो आणि पान उलटतो. ती कृतज्ञता खोटी नसते. अडचण एवढीच की ज्याला देव्हाऱ्यात बसवले त्याला भीती वाटते का, ती तो कशी सोसतो, कुणाच्या भरवशावर पुढे जातो, हे विचारायचे राहून जाते. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही सैनिकाचे मन आणि सैन्यातले नेतृत्व या विषयाला दिला आहे, तो हे विचारण्यासाठी. छावणी कामठीला आणि मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला. मग आपल्या चांदूर रेल्वेच्या माणसाने या विषयात का पडावे, असे कुणी म्हणेल. पण या विषयावरचा एक फार मोलाचा पुरावा आपल्याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातल्या अडगाव-शिरसोलीच्या शिवारात पडून आहे. ज्या युद्धात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपले चांदूरही, नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला, त्याच युद्धातला तो पुरावा आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या तोफखान्यावर सरळ चाल केली. तिचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, तरी मद्रासी शिपायांच्या पलटणी हटल्या नाहीत. त्यानंतर ६७ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, हीच फौज अडगावसमोर आली. दिवसभराची चाल झालेली, दुपार कलत आलेली. शिरसोली गावाला वळसा घालून पुढच्या पलटणी मोकळ्यावर आल्या आणि मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. असईच्या मानाने हा मारा काहीच नव्हता. तरीही असईत नाव काढलेल्या जवळजवळ तीन पलटणी मोडल्या आणि मागे पळत सुटल्या. जॉन ब्लॅकिस्टन नावाचा एक तरुण इंजिनिअर अधिकारी तिथे हजर होता. पुढे काय झाले ते त्याने लिहून ठेवले आहे. वेलस्ली आधी नुसता पुढे होऊन उभा राहिला. आपल्याला पाहून शिपाई थांबतील असे त्याला वाटले. ते थांबले नाहीत. मग घोड्यावर बसून तो त्यांच्यात गेला. त्याने आरडाओरडा केला नाही, कुणाला भ्याड म्हटले नाही, होते तिथे परत ढकलण्याचाही हट्ट धरला नाही. त्याने अधिकाऱ्यांना शांतपणे सांगितले, माणसे गावाच्या आडोशाला न्या आणि रांगा लावा. रांगा लागल्यावर त्याच पळालेल्या पलटणींच्या पुढे होऊन त्याने त्यांना गावाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढले आणि ठरल्या जागी उभे केले. बाकीची फौज येईपर्यंत त्याने रांगेला जमिनीवर आडवे पडायला लावले. संध्याकाळच्या आत हल्ला झाला आणि लढाई त्याने जिंकली.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, पण आपल्या सवयीच्या बोलण्याला तो पचत नाही. माणसे तीच, बंदुका त्याच, सेनापती तोच. एकदा अढळ, एकदा पळपुटी, आणि त्याच दुपारी पुन्हा अढळ. शौर्य हा रक्तातला गुण असता तर ६७ दिवसांत तो नाहीसा होऊन तासाभरात परत आला नसता. धैर्य माणसामाणसांत तयार होते, वापरले की खर्च होते, आणि भरवशाचा माणूस, ओळखीची रांग व क्षणभराचा आडोसा मिळाला तर पुन्हा भरून येते. हे ज्याला कळले त्याने सैन्य ओळखले. ज्यांना कळले नाही त्यांनी जातींच्या याद्या केल्या. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लढाऊ जातींचा सिद्धान्त उचलून धरला आणि मद्रासी शिपाई लढाऊ नाही असे ठरवले. असईला तोफांवर चालून गेलेले शिपाई याच मद्रास फौजेचे होते. मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरतीही याच सुमारास बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. या साऱ्या वर्षांत महारांचे रक्त बदलले नव्हते. बदलत होता तो त्यांच्यावर भरवसा टाकायचा की नाही, याविषयीचा वरच्यांचा निर्णय.

यावर पहिली हरकत अशी की, हा दाखला परक्या सेनापतीचा, आणि तोही त्याने स्वतः रंगवलेला. आपण तिथे नसतो तर त्या दिवशी लढाई हातची गेली असती, असे वेलस्लीने तीन दिवसांनी पत्रात लिहिले, हे खरे. पण त्याच पत्रात त्याने आपल्याच निवडक पलटणी पळाल्याची कबुली दिली आहे, आणि ब्लॅकिस्टनची साक्ष स्वतंत्र आहे. शिवाय दाखला शत्रूचा म्हणून टाकायचा, तर आपल्या बाजूचा दाखलाही तेच सांगतो. असईला मराठ्यांचे गोलंदाज तोफांशेजारी उभे राहून मेले. त्यांच्या हिमतीची तारीफ शत्रूनेच केली. पण त्यांचे धनी, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, लढाईच्या सुरुवातीलाच मैदानातून निघून गेले होते. शिंद्यांच्या कंपूतले बरेच इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर युद्ध तोंडावर असताना नोकरी सोडून गेले होते. अडगावला भोसल्यांचे पायदळ आणि तोफखाना मन्याबापूंच्या हाताखाली, तर शेजारचे घोडदळ शिंद्यांचे. दोन दौलती, दोन हुकूम. ३८ तोफा तिथे शत्रूच्या हाती पडल्या. शिपाई कमी शूर होता म्हणून हे झाले असे म्हणणे त्या गोलंदाजांवर अन्याय करणारे आहे. त्यांची हिंमत ज्याने एका रांगेत बांधायची तो माणूस जागेवर नव्हता.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. सारे काही एका माणसाच्या हजेरीवर असेल तर तो माणूस पडला की सैन्य गेलेच की! मग हे नेतृत्व म्हणायचे की व्यक्तिपूजा? पानिपत डोळ्यांसमोर आहे. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत घुसले, रिकामी अंबारी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या आधीचे दोन-अडीच महिने कोंडी, उपासमार आणि बुणग्यांचा भार यांनी फौज आतून पोखरली होती, हे विसरू नये. पण शेवटच्या घटकेला भाऊंच्या जागी सर्वांनी मानावा असा दुसरा कोणी नव्हता, हेही खरे. म्हणूनच अडगावच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वेलस्लीचा घोडा नव्हे, गावामागचा आडोसा आहे. तिथे रांगा लावल्या त्या पलटणींच्या अधिकाऱ्यांनी, सुभेदार-हवालदारांनी. प्रत्येक शिपायाला आपली कंपनी माहीत होती, आपली जागा माहीत होती, आपल्या शेजारचा माहीत होता. सेनापतीने मोडलेली वस्तू जुळवली, कारण ती जुळेल अशी आधीपासून घडवलेली होती. चांगले नेतृत्व खालपर्यंत वाटून ठेवलेले असते; ते वरच्या एकाच अंबारीत बसवले की पानिपत होते. आणि वरचा माणूस जिवंत असूनही जागा सोडतो तेव्हा काय होते, ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतने दाखवले. १०३ व ११० वी मराठा पलटण जिच्यात होती ती जनरल टाउनशेंडची सुमारे १३ हजारांची फौज २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले, हजारो वाटेत आणि मजुरीच्या छावण्यांत मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. त्या युद्धात त्यांची कीर्ती पुन्हा उजळली नाही, याचे कारण पराभवापेक्षा हे जास्त आहे. हरलेल्या सेनापतीला शिपाई माफ करतो. आपले ताट वेगळे काढणाऱ्याला करत नाही.

तिसरी हरकत कडक शिस्तीच्या बाजूची. भरवसा वगैरे शांततेतल्या गप्पा. गोळीसमोर उभे राहायचे तर मागच्या शिक्षेची भीती पुढच्या भीतीहून मोठी पाहिजे, असे मानणारे सेनानी सर्व काळात झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्स आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी जर्मन युद्धकैद्यांचा अभ्यास करून १९४८ मध्ये मांडले की जर्मन सैनिक टिकला तो आपल्या छोट्या टोळीच्या जिव्हाळ्यामुळे. ओमर बार्टोव्ह या इतिहासकाराने पुढे उलट दाखवले : रशियाच्या आघाडीवर माणसे इतक्या झपाट्याने मरत होती की टोळीच उरत नव्हती, तरी सैन्य लढत राहिले. नाझी विचारांची नशा आणि सुमारे १५ हजार स्वकीयांना दिलेला मृत्युदंड यांच्या जोरावर ते लढले. हरकत मान्य, भीतीने पाय रोवले जातात. पण त्याच सैन्याच्या हातून निःशस्त्र माणसांची काय कत्तल झाली हेही बार्टोव्हनेच मांडले आहे. केवळ धाकाने चालणारा माणूस कुणावरही चालवता येतो. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतले काही तोफांच्या माऱ्याने मनाने मोडलेले होते, हे कळायला नव्वद वर्षे गेली. शिस्त हवीच, अडगावच्या आडोशालाही ती होतीच. पण शिस्त ही माणसाला त्याची जागा परत सापडावी म्हणून असते.

आजच्या पलटणीत हा भरवसा भाषणांनी तयार होत नाही. तो दहा जणांच्या सेक्शनमध्ये, हवालदाराच्या हाताखाली तयार होतो. तो बडाखान्यात अधिकारी आणि जवान एका पंगतीला बसतात तेव्हा, दरबारात शेवटच्या रांगेतला शिपाई उठून सुट्टीचा प्रश्न विचारतो तेव्हा, आणि मराठा पलटणीत आलेला परप्रांतीय लेफ्टनंट जवानांशी अडखळत मराठी बोलतो तेव्हा तयार होतो. आणि त्याची मोठी परीक्षा सीमेवर होत नाही, ती गावी होते. चौकीवरच्या जवानाला फोन येतो : चुलत्याने धुरा कोरला, सातबाऱ्यावर भलतेच नाव चढले, आईला दवाखान्यात न्यायला कोणी नाही. त्या रात्री तो पहारा देतो, पण मनाने वावरात असतो. जवानांच्या आत्महत्यांविषयी संसदेत प्रश्न येतात तेव्हा सरकारी उत्तरांत घरगुती अडचणी आणि पैशाची ओढाताण ही कारणे वारंवार येतात. म्हणूनच कमांडिंग ऑफिसरने कलेक्टरला जवानाच्या जमिनीविषयी लिहिलेले पत्र हे लष्करी कामच आहे. युद्धसेवेत असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या पाठीमागे निकाली निघू नये, म्हणून तहकुबीची सोय करणारा कायदा १९२५ पासून आहे. तो किती तहसिलींत आठवला जातो, हा प्रश्न लष्कराला नाही, आपल्याला आहे.

याच मापाने अग्निवीरांची अग्निपथ योजनाही मोजावी असे आम्हाला वाटते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनी फार तर २५ टक्के जवान कायम होतात. सैन्य तरुण राहील आणि निवृत्तिवेतनाचा बोजा हलका होईल, हे तिच्या बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. महायुद्धांत थोड्या मुदतीचे शिपाईही चांगले लढले. पण त्यांना शेजारच्याशी जागेसाठी चुरस नव्हती. युद्ध संपले की सारेच घरी जाणार होते. इथे शेजारचा जवान जिवाचा सोबतीही आहे आणि चौघांतल्या एका जागेचा उमेदवारही. या दोन नात्यांचे एकमेकांशी पटते का, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नसून सेक्शनमध्ये आहे, आणि ते मागायला हवे. पहाटे आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर भरतीसाठी १६०० मीटरची वेळ लावत धावणारी मुले शेतकऱ्या-शेतमजुरांची आहेत. त्यांची छाती आणि पळण्याचा वेग मोजणारे पुष्कळ आहेत. अपेशी होऊन परतलेल्याला, किंवा चार वर्षांनी घरी आलेल्याला गावात जागा काय, हे कोणी मोजत नाही.

मागणी मोठी नाही. जवानाच्या घरचा अर्ज तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, बँकेत आधी हाती घेतला जावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. सुट्टीवर आलेला मुलगा गप्प राहू लागला तर त्याला फेटा बांधण्याआधी त्याचे ऐकून घेतले जावे, आणि गरज पडली तर डॉक्टरकडे नेण्यात कुणाला कमीपणा वाटू नये. शूर माणूसही मोडतो आणि मोडलेला पुन्हा उभा राहतो, एवढे मान्य केले तर सैनिकाविषयीचा आपला आदर आंधळा राहणार नाही. आणि हे माप सैन्यापुरते ठेवण्याचेही कारण नाही. शाळा, सोसायटी, बाजार समिती, नगरपरिषद, जिथे जिथे माणसे दुसऱ्याच्या भरवशावर काम करतात तिथे पुढाऱ्याला विचारावे : पडत्या वेळी तुम्ही कुठे उभे होता, आणि तुमच्यामागे रांग लावील असा दुसरा माणूस तुम्ही घडवला का? अंकातले लेख हा प्रश्न वेगवेगळ्या अंगांनी घेतात. काही आमच्याशी सहमत नाहीत, आणि ते मुद्दाम छापले आहेत. वाचकांनीही वाद घालावा.

— संपादक