आधी लेकीला फोन

दहावीचा निकाल हल्ली मे महिन्यात लागतो, आणि बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात तो लागतो त्या सुमारास कारखान्यांचे पट्टे पडून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने ऊस तोडणारी माणसे आपापल्या गावी परतलेली असतात. लेकरू पास झाल्याचा आनंद, परीक्षेच्या ऐन दिवसांत त्याला आजी-आजोबांच्या स्वाधीन करून आपण परमुलखात होतो याची मनाला लागलेली रुखरुख, आणि पुढल्या हंगामासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याचे जवळ येत चाललेले दिवस, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून येतात, आणि त्यांच्या संयोगातून जी भेट बहुधा निघते ती मोबाईलची. या भेटीविषयी आज दोन मते मोठ्या हिरीरीने मांडली जातात. एक म्हणते, अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मुलांच्या हाती मोबाईल देऊच नये. दुसरे म्हणते, द्यायचाच तर भारी, चारचौघांत दाखविण्याजोगा द्यावा. दोन्ही मते बाळगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु बीड जिल्ह्यातील घर डोळ्यांपुढे न ठेवता ती बनलेली आहेत, आणि ते घर डोळ्यांपुढे ठेवले तर एकाच फोनची ऐपत असलेल्या कुटुंबाने तो फोन, साधा आणि टिकाऊ पाहून, आधी मुलीला द्यावा, आणि गुणांची कोणतीही अट न घालता द्यावा, असा माझा पक्ष आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे पुरतेपणी ऐकून घेतले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्याची मनाई केली. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षापासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे मोबाईल व टीव्ही बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती कायद्यानेच बंद करविली. ही चिंता निराधार आहे असे कोणाही विचारी माणसास म्हणता येणार नाही. ग्रामीण शिक्षणाविषयीच्या 'असर' अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगणारे ७६ टक्के निघाले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील बघत जागणारी मुले सकाळी वर्गात पेंगताना शिक्षक रोज पाहतात.

इतके सगळे मान्य करूनही बान्सीचा ठराव बीडला लागू पडत नाही, आणि वडगावचा भोंगाही पुरा पडत नाही. त्या भोंग्याविषयी मला आदर आहे. परंतु तो वाजतो तेव्हा त्या गावात आई चुलीपाशी आणि बाप ओसरीवर असतो, म्हणून त्याला बळ आहे. त्याच कडेगावच्या ऊसपट्ट्यात, त्याच सात वाजता, आमच्याकडून गेलेला एखादा कोयता, म्हणजे एक नवरा-बायको, दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून वाहनाची वाट पाहत फडात उभा असतो, आणि त्याची पोर शेकडो किलोमीटरांवर, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवून, डोळ्यांना नीटसे न दिसणाऱ्या आजीसोबत झोपायला घरी आलेली असते. १९७२ च्या दुष्काळानंतर वाढत गेलेल्या या स्थलांतरात आईबापांची खुशाली एके काळी गावी परत आलेल्या एखाद्या गाडीवानाच्या तोंडूनच कळत असे. आज ती फोनवर कळते. वाहन भरून झाल्यावर, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चूल पेटण्याच्या आधी, आई जे चार शब्द बोलते ते त्या पोरीच्या दिवसभरातले आईचे एकमेव सान्निध्य असते. पालक जवळ असताना मुलांच्या हातून फोन काढून घ्या, असे सांगणे योग्य ठरेल. पालकच जवळ नसताना तेच सांगणे म्हणजे पालकालाच काढून घेणे होय.

शिवाय दहावीनंतरचे सारे व्यवहार फोनवर येऊन बसले आहेत, हे बंदीवाल्यांना कसे विसरता येते ते मला समजत नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि पायरीपायरीला मोबाईलवर ओटीपी येतो. हा प्रकार नेमका कसा घडतो ते मी पाहिलेले आहे. तालुक्याच्या गावी नेट कॅफेत बसलेली मुलगी, अर्जात नोंदविलेला क्रमांक बापाचा, बाप सोलापूरकडच्या फडात, त्याचा फोन कोपीच्या मेढीला पिशवीत लटकलेला. मुलगी मुकादमाला फोन लावते, मुकादम टोळीतल्या एकाला धाडतो, तो आकडा वाचून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, आणि कॅफेवाला म्हणतो, 'ताई, उद्या या.' उद्या येण्याला एसटीचे भाडे लागते आणि कॉलेजचा एक दिवस बुडतो. या मुलीच्या हातात स्वतःच्या क्रमांकाचा फोन असणे ही चैन आहे असे ज्याला वाटते, त्याने तिच्याबरोबर एकदा त्या बाकावर बसून पाहावे.

दुसऱ्या पक्षाचे खंडन करायला फार वेळ लागू नये. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. पंचवीस हजारांचा फोन म्हणजे या दराने अडुसष्ट टन ऊस. आणि एका कोयत्याने पहाटे चारपासून राबून दिवसाला दोन टन तोडला असे धरले, तर चौतीस दिवसांची दोघांची हाडे. ही रक्कम उचलीतून जाते, म्हणजे फोन आज हातात येतो आणि त्याच्या मोबदल्यात पुढच्या हंगामातला महिनाभराचा घाम आजच गहाण पडतो. हप्त्यांवर घेतला तर व्याजाचा बोजा निराळा. दुकानात बाप बंडीच्या आतल्या खिशातून नोटांची घडी काढून काउंटरवर ठेवतो, विक्रेता कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून दाखवतो, मुलगा स्वतःचा फोटो काढून पाहतो. आणि बॅटरी किती टिकेल, दुरुस्ती बीडमध्ये होते की छत्रपती संभाजीनगरला पाठवावी लागते, कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देणार, यांतले काहीएक कोणी विचारत नाही. प्रेम दाखविण्याची उत्कंठा मी समजू शकतो. परंतु सहा महिन्यांच्या अनुपस्थितीची भरपाई वस्तूच्या किमतीने होते, ही समजूत मुलाच्या मनात एकदा रुजली की ते पुढे सर्व नाती किमतीनेच मोजू लागते. गुणांची अटही याच कारणाने घातक आहे. नव्वद टक्के पडले तर फोन, नाहीतर नाही, असे म्हणणारा बाप आईशी बोलण्याच्या साधनाला बक्षिसाचे रूप देतो. आणि ज्या मुलीला पंचावन्न टक्के पडले, जिने घरचे पाणी भरून, धाकट्या भावाला सांभाळून ते मिळविले, तिला या साधनाची गरज अधिक असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

आता खऱ्या अवघड पूर्वपक्षाकडे वळू, कारण तो ग्रामसभेत नव्हे तर घराघरांत, आवाज खाली आणून मांडला जातो. मुलीच्या हाती फोन गेला की ती बिघडते, कोणाच्या तरी नादी लागते, घराण्याची अब्रू जाते; तेव्हा फोन मुलाला द्यावा, मुलीने आजीच्या फोनवरून बोलावे, आणि फारच हट्ट करू लागली तर चांगले स्थळ पाहून मोकळे व्हावे. या विचाराचे फळ आकड्यांत दिसते. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण तरुणांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून मी विचारतो: फोन नसल्याने कोणत्या मुलीचे रक्षण झाले? फोन हाती नसलेल्या लेकींचीच लग्ने पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागत आलेली आहेत. आईबाप फडावर असताना तरणी पोर घरी एकटी राहते, ही भीती खोटी नाही. पण ती भीती एकटेपणाची आहे, आणि एकटेपणावर एकमेव इलाज म्हणजे हाकेच्या अंतरावर कोणीतरी असणे. ज्या मुलीची सोयरीक फडावर, कोपीसमोर, तिला न विचारता ठरते, तिला आपले म्हणणे आईच्या कानी घालायला, शाळेच्या बाईंना कळवायला, किंवा १०९८ हा बालकांसाठीचा विनामूल्य क्रमांक फिरवायला फोनच लागतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्राच्या खेड्यांत ग्रामसेवकाला प्रतिबंधक अधिकारी नेमलेले आहे. परंतु ज्या अधिकाऱ्यापर्यंत खबरच पोहोचत नाही, त्याचा अधिकार दप्तरातच राहतो.

याउपर आक्षेपक म्हणतो, अनोळखी इसम फसवितात, फोटो मागवितात, मग धमक्या देतात. असे घडते, आणि वारंवार घडते. मात्र अशा प्रकरणांची हकीकत नीट ऐकली तर दिसते की पहिल्या धमकीच्या दिवशी मुलीने घरी सांगितले असते तर गोष्ट तेथेच थांबली असती. ती सांगत नाही, कारण सांगितले की फोन जाईल, शाळा सुटेल आणि दिवाळीआधी लग्न लागेल, हे तिला पक्के ठाऊक असते. गुन्हेगार याच मौनावर जगतो. म्हणून फोन देताना आईबापांनी मुलीला एक वचन दिले पाहिजे, आणि माझ्या मते फोनपेक्षाही ते वचन ही मोठी भेट आहे: काहीही घडले, चूक तुझी असली तरी, तू सांगितल्याबद्दल तुझा फोन आणि तुझी शाळा यांना धक्का लागणार नाही. मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकाचा उपयोग आहे, पोलिसांचा उपयोग आहे. त्या वचनावाचून हे सर्व क्रमांक भिंतीवर रंगविलेलेच राहतील.

मुलावर हा अन्याय नव्हे काय, असे कोणी विचारील. मुलाला मित्रांचा फोन मिळतो, चौकात बसण्याची मुभा मिळते, मोटारसायकलवर कोणाच्या तरी मागे बसून तालुक्याला जाता येते. मुलीला यांतले एकही मिळत नाही. दोघांना फोन देण्याची ऐपत असेल त्याने दोघांना द्यावा.

राहता राहिली निवड. आठवी-नववीतल्या लेकीला बटणांचा, पण ४जी चालणारा फोन पुरे, कारण काही कंपन्यांच्या जाळ्यावर जुना २जी फोन मुळीच लागत नाही. त्याची बॅटरी दोन-तीन दिवस पुरते, आणि भारनियमनाच्या गावात या गुणापुढे बाकीचे गुण फिके आहेत. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला संकटकाळचे बटण असणे नियमाने बंधनकारक आहे: बटणांच्या फोनवर पाच किंवा नऊ हा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. हे दुकानातच करून पाहावे. मुलीच्या हाताने करून घ्यावे, बापाच्या नव्हे. दहावीनंतर मात्र स्मार्टफोन हवा. आठ-नऊ हजारांत, म्हणजे अकरा-बारा दिवसांच्या तोडणीत, ५००० एमएएचची बॅटरी, दोन सिमची सोय आणि अभ्यासाचे व्हिडिओ चालण्याइतकी क्षमता असलेला फोन मिळतो. जुना घ्यायचा असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि 'केवायएम' लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा, म्हणजे चोरीच्या मालाची खातरजमा होते. बिलावाचून जुना फोन घेऊच नये. अठरा वर्षांखाली सिमकार्ड मिळत नाही, तेव्हा ते आईच्या नावावर घ्यावे. बापाच्या नावावर का नको, असे विचाराल तर उत्तर सोपे आहे: रात्री कोपीतून आधी फोन येतो तो आईचा. रील आणि खेळ यांच्यावर वेळेची मर्यादा घालण्याची तजवीज फोनमध्येच असते, ती मुलीशी बोलून, तिच्यासमोर करावी. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांना ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आलेली आहे, हे मुलालाही सांगावे आणि त्याच्या काकालाही.

आमच्या गावांना मोबाईलविषयी ठराव करायचेच असतील तर ते असे करता येतील: मुलांचे फोन रात्री दहाला घरच्या वडीलधाऱ्यांकडे चार्जिंगला लावले जातील आणि सकाळी परत मिळतील, वाहने भरून झाल्यानंतरचा, आईबापांचा फोन येण्याचा तास मात्र कोणीही मोडणार नाही, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि मुख्याध्यापक यांचे क्रमांक प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये शाळेतच भरून दिले जातील, आणि दसऱ्याला गाड्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत मागे राहणाऱ्या मुलींची यादी वाचून, कोणत्या लेकीकडे फोन नाही याची नोंद घेतली जाईल. मनाईच्या ठरावाला जेवढे हात वर होतात तेवढे या ठरावालाही व्हावेत, एवढीच माझी मागणी आहे, आणि यंदाच्या दसऱ्याला अजून अवकाश आहे.