भिंत कुठे घातली?

गेली दोन वर्षं मी घर शोधते आहे. जळगावात काही, धुळ्यात काही, अशी सत्तावीस घरं आजवर पाहून झाली. मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली आणि एकटी राहणारी बाई. दलालाचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब कधी येतील बघायला?" साहेब नाहीत म्हटलं, की "मग भाऊ?" पैसे माझे, पेन्शन माझी, राहणार मी. पण घर 'पसंत करायला' कोणीतरी पुरुष यायला हवा, असं त्याला मनापासून वाटतं.

या सत्तावीस घरांनी मला बरंच शिकवलं. ते मैत्रिणींना सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

जळगावात एक फ्लॅट पाहिला. दोन बेडरूमचा होता, तो मालकाने तीनचा केला होता. कसा? स्वयंपाकघराची बेडरूम केली आणि ओटा, गॅस, सिंक सगळं बाल्कनीत ढकललं. वर पत्रा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. त्या पत्र्याखाली, शेगडीपुढे उभं राहून भाकरी कोण करणार? मी विचारलं तर मालक म्हणाले, "हवेशीर आहे की!" या बदलाचे त्यांनी किमतीत चार लाख वाढवले होते.

दुसरं एक घर 'वास्तुदोष काढलेलं' होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणून मोरी फोडून तिथे ओटा घातला, आणि मोरी गेली ती कायमचीच. भांडी कुठे घासायची, पाण्याचा दिवस आला की पिंप-हंडे कुठे भरून ठेवायचे, याचा विचार त्या शास्त्रात नसावा. तिसऱ्या घरात गच्चीचा जिना मुलाच्या बेडरूममधून होता. म्हणजे उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड वाळत घालायचे तर सुनेने दिराच्या खोलीतून ये-जा करायची. पुढच्या दाराला मात्र नक्षीचा सागवानी दरवाजा होता. त्याची किंमत वेगळी सांगितली.

हसत हसत मी ही घरं मैत्रिणींना सांगत असे. मग धुळ्याचं घर पाहिलं आणि हसू थांबलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळ्याची नवी वसाहत आखली. सरळ रस्ते, नंबर घातलेल्या गल्ल्या. त्यातल्याच एका गल्लीत माझं माहेर. तोंड अठरा फुटांचं, पण घर खोल. पुढे ओटा, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण, मोरी, आणि अंगणातून धाब्यावर जाणारा जिना. उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर झोपायचो. दुपारी आई आणि काकू माजघरात ओल्या फरशीवर पडायच्या, पुढचं-मागचं दार उघडं ठेवलं की वारा आरपार जायचा.

वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. हे २००३ सालचं. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून जळगावात भाड्याच्या खोलीत राहत होते. आई म्हणाली, "भाऊ शे तं माहेर शे." मी हक्कसोड पत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. साडी मिळाली, जेवण झालं, संध्याकाळच्या एसटीने मी परत आले.

दलालाने मला गेल्या वर्षी जे घर दाखवलं, ते याच घराचं अर्धं होतं. भावाने ते केव्हाच विकलं होतं, मध्ये आणखी एक मालक होऊन गेला. वाटणीची भिंत घराच्या मधोमध, पुढून मागपर्यंत, उभी घातलेली. अठरा फुटांचे झाले नऊ-नऊ, भिंतीची जाडी वजा. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. माजघराला खिडकी नाही. जिना पलीकडच्या वाट्याला गेला, म्हणून या बाजूला स्वयंपाकघरातून लोखंडी गोल जिना काढलेला. त्या जिन्याखाली संडास. त्याचं दार उघडलं की समोर शेगडी.

यावर 'रिनोव्हेशन' झालं होतं. चकचकीत टाइल्स, खाली आणलेलं पीओपीचं छत, त्यात निळे दिवे, भिंतीला कागद, ओट्याखाली ट्रॉल्या. दलाल एकेक ट्रॉली ओढून दाखवत होता. मालकाने नूतनीकरणाचे नऊ लाख सांगितले. मी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन पुन्हा गेले. त्याने छत ठोकून पाहिलं, कागदाचा कोपरा उचलला. मागे भिंतीला ओल होती. तो म्हणाला, "मॅडम, काम साडेतीन लाखांचं आहे. बाकी दिव्यांचा उजेड."

मैत्रिणींनो, माझा मुद्दा असा, की ही विचित्र घरं कुठल्या वेडाने बांधलेली नाहीत. भिंत कुठे घालायची हे ज्यांनी ठरवलं, ते त्या घरात दिवसाचे बारा-चौदा तास काढणारे नव्हते. दोघा भावांना चौरस फूट सारखे मिळाले, न्याय झाला. वारा, उजेड, मोरी आणि जिना यांची वाटणी कोणी मोजली नाही, कारण ते वापरणाऱ्या बायका वाटणीच्या बैठकीला चहा देत होत्या.

आणि कायदा? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण त्यातल्या कलम २३ ने राहत्या घराला कुंपण घातलं होतं. पुरुष वारस त्या घरात राहत असतील, तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत मुलीला घराची वाटणी मागता येत नव्हती. तिथे राहण्याचा हक्क होता, तोही अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीलाच. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम गेलं. मी २००३ साली नवऱ्यापासून वेगळी राहत होते, म्हणजे त्या जुन्या कलमानेही मला तिथे राहता आलं असतं. शिवाय भाऊ वाटणी करतच होते, तेव्हा माझा वाटाही मागता आला असता. मला हे माहीत नव्हतं. शिबिरांतून इतर बायकांना हक्क सांगणारी मी, माझ्या सहीच्या वेळी गप्प बसले.

आता सरकारने बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली आहे, १ एप्रिल २०२१ पासून. सवलत चांगलीच आहे. पण आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने घर पहिल्यांदा पाहिलं ते दस्त नोंदवून झाल्यावर. नाव तिचं, अंगठा तिचा, स्वयंपाकघर नवऱ्याने आणि बिल्डरने ठरवलेलं. रेराचा कायदा आहे, पण तो मुख्यतः नव्या प्रकल्पांसाठी. जुनं घर रंगवून विकणाऱ्याला त्याचा धाक नाही. तिथे आपले डोळे आणि आपली मोजपट्टी.

जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने फ्रँकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी स्वयंपाकघर आखलं, बाईची पावलं आणि वेळ वाचावा म्हणून. आजच्या 'मॉड्यूलर'ची ती आजी. पुढे स्त्रीवाद्यांनीच तिच्यावर टीका केली, की एकाच माणसापुरत्या खोलीत बाई एकटी कोंडली गेली. मला ही टीका पटते. पण निदान तिथे कोणीतरी बाईचं काम मोजलं होतं. आपल्याकडे ट्रॉल्या आल्या, मोजणं आलं नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. घर बघायला दुपारी दोन वाजता जा, आणि शेगडीपुढे दहा मिनिटं उभ्या राहा. छत ठोकून बघा, कागद असेल तर त्यामागची भिंत बघा. चटई क्षेत्र स्वतः मोजा. नूतनीकरणाची बिलं मागा. नसतील तर आपल्या मिस्त्रीचा आकडा धरा. ज्या बदलाने आपलं काम वाढणार, त्याचे पैसे देऊ नका, उलट कमी करायला सांगा. आणि माहेरी वाटणी निघाली, तर सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा, वाचून घ्या. सही न करणं म्हणजे भांडण नव्हे.

धुळ्याचं ते घर मी घेतलं नाही. निघताना माजघरात क्षणभर थांबले. बाहेर ऊन होतं, पुढचं-मागचं दार उघडं होतं, तरी वारा येत नव्हता.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा नकाशा हाताने काढून आणावा. दिवसभर आपण कुठे उभ्या असतो, तिथे एक खूण करावी. त्या खुणेपासून खिडकी किती फुटांवर आहे, तेही लिहावं. चर्चा तिथून सुरू करू.