थोरल्याचा सदरा : ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेली जुनी जहाजे (धागा)

१/
नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर ‘कर्णिका’ नावाचे प्रवासी जहाज भरतीच्या पाण्यावरून चिखलात रुतवण्यात आले. मुंबईकरांना ते ओळखीचे होते. २०१९ च्या उन्हाळ्यात मुंबई-गोवा सफरींसाठी जाहिरातींतून झळकलेले, सुमारे ७० हजार टनांचे हे जहाज दोन वर्षांच्या आतच भंगारात निघाले. मालक कंपनी महासाथीच्या वर्षातच बुडाली होती.

२/
‘कर्णिका’ हे त्या जहाजाचे सहावे नाव होते. १९९० मध्ये इटलीतील मोनफाल्कोनेच्या गोदीतून ते ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून बाहेर पडले. त्याच्या डॉल्फिनसारख्या माथ्याच्या रचनेमागे वास्तुरचनाकार रेन्झो पियानो होते. पुढे ‘अरोझा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’ अशी नावे धारण करीत २००९ मध्ये ते सिडनीला पोहोचले आणि ‘पॅसिफिक ज्वेल’ झाले. तिथे दहा वर्षे काढल्यावर ते मुंबईकडे वळले.

३/
ऑस्ट्रेलियातील जहाजप्रेमींची एक जुनी तक्रार आहे : उत्तर गोलार्धाने वापरून झालेली जहाजे आमच्या माथी मारली जातात. थोरल्याला सदरा आखूड झाला की तो धाकट्याच्या अंगावर चढतो, तशी ही गत. तक्रार पोकळ नाही. मात्र इतिहास तपासला तर ती अर्धीच खरी ठरते आणि उरलेले अर्धे सत्य तक्रारीहून अधिक बोचरे आहे.

४/
आधी तक्रारीचा पुरावा. ‘पी अँड ओ क्रूझेस ऑस्ट्रेलिया’च्या ताफ्याची हजेरी घेऊ. ‘पॅसिफिक स्काय’ (२०००) पूर्वीची ‘स्काय प्रिन्सेस’. ‘पॅसिफिक सन’ (२००४) पूर्वीची ‘ज्युबिली’. ‘पॅसिफिक स्टार’ (२००५) मुळात ‘ट्रॉपिकाल’. ‘पॅसिफिक डॉन’ (२००७) पूर्वीची ‘रीगल प्रिन्सेस’. २०१५ मधील ‘एडन’ आणि ‘आरिया’ या हॉलंड अमेरिका कंपनीच्या ‘स्टेटनडाम’ आणि ‘रायनडाम’. नावे प्रशांत महासागराची, पण पोलाद दुसऱ्याच कुणासाठी घडवलेले.

५/
एकदा नवा सदरा शिवायला टाकलाही होता. २०१९ मध्ये हाती पडावे असे एक नवेकोरे जहाज या ताफ्यासाठी ठरले होते. परंतु मूळ कंपनी कार्निव्हलने ते मध्येच आपल्या मुख्य ब्रँडकडे वळवले. ‘कार्निव्हल पॅनोरमा’ या नावाने ते कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात रुजू झाले. ऑस्ट्रेलियाला त्याऐवजी वापरलेलीच जहाजे मिळाली.

६/
असे का होते? प्रवासी जहाज हे प्रचंड भांडवलाचे काम. नव्या जहाजावरचे कर्ज फेडायचे तर त्याला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत महाग बाजारात, म्हणजे कॅरिबियन वा भूमध्य समुद्रात, ठेवणे मालकाला परवडते. पंधरा-वीस वर्षांत खर्च वसूल झाला की तेच जहाज कमी भाड्यातही नफा देते. मग सिंगापूरच्या गोदीत रंगरंगोटी होते, बारवरची पाटी बदलते आणि जहाज दक्षिणेला निघते. २००३ मध्ये कार्निव्हलने पी अँड ओ प्रिन्सेस कंपनी ताब्यात घेतल्यावर ही वाटचाल आणखी सोपी झाली. सारे ब्रँड एकाच घरातले झाले.

७/
भूगोलाचाही त्यात हात आहे. सिडनी हार्बर ब्रिजखाली समुद्रसपाटीपासून सुमारे ४९ मीटर मोकळी जागा आहे. पुलाच्या अलीकडे सर्क्युलर की येथील धक्क्यावर एका वेळी एकच मोठे जहाज लागते. पलीकडे व्हाइट बे येथे २०१३ पासून दुसरे प्रवासी टर्मिनल आहे. तिथे जायचे तर पुलाखालून जाण्याइतके बुटके असायला हवे. नवी महाकाय जहाजे तिथे जाऊच शकत नाहीत. जुन्यांना जाता येते. जुनेपणाची ही सोय तक्रार करणारे सहसा विसरतात.

८/
तो पूल १९ मार्च १९३२ रोजी खुला झाला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला पी अँड ओचे ‘स्ट्रॅथेअर्ड’ सिडनीहून ब्रिस्बेन आणि नॉरफोक बेटाकडे सहलीला निघाले. कंपनी आपल्या ऑस्ट्रेलियन सहलींचा आरंभ याच फेरीपासून मोजते. गंमत अशी की ‘स्ट्रॅथेअर्ड’ तेव्हा पुरते एक वर्षाचेही नव्हते. म्हणजे परंपरेची सुरुवात नव्याकोऱ्या जहाजाने झाली. काळ जागतिक मंदीचा होता. टपालफेऱ्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत जहाज धक्क्याला बांधून ठेवण्यापेक्षा सहलीला काढलेले बरे, हा त्यामागचा हिशेब. उरले होते ते दिवस. जहाज उरलेले नव्हते.

९/
‘स्ट्रॅथेअर्ड’चा नेहमीचा मार्ग लंडन, सुएझ, मुंबई, कोलंबो आणि ऑस्ट्रेलिया असा. त्यामुळे सिडनीच्या या इतिहासाचे एक पान बॅलार्ड पियरवर लिहिलेले आहे. डेकवर लष्कर म्हटले जाणारे भारतीय खलाशी, त्यांत कोकणकिनाऱ्यावरचेही. आणि भोजनगृहात, स्वयंपाकघरात गोव्याचे वाढपी व आचारी. पी अँड ओच्या जहाजांवरील ही श्रमविभागणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. जहाजाच्या चित्रमय पत्रिकांत मात्र हे चेहरे क्वचितच येतात.

१०/
ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला ते चेहरे नकोच होते. १९०१ मध्ये नवा देश घडला आणि त्याच वर्षी दोन कायदे आले. परदेशी स्थलांतर रोखणाऱ्या कायद्याने ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचा पाया घातला. टपाल व तार कायद्याने अट घातली की सरकारी टपाल वाहण्याचे कंत्राट केवळ गोरे कामगार ठेवणाऱ्या जहाजांनाच मिळावे. ज्यांच्या हातांनी जहाज चालत होते, त्यांच्या हातांनी पत्र पोहोचू नये, असा तो न्याय होता.

११/
दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाला माणसे हवी होती, अर्थात आपल्या पसंतीची. प्रौढ ब्रिटिश नागरिकाने फक्त दहा पौंड भरावेत, मुलांनी काहीच नाही. बदल्यात किमान दोन वर्षे तिथे राहावे, अशी योजना निघाली. १९४५ ते १९७२ या काळात दहा लाखांहून अधिक ब्रिटिश स्थलांतरित ऑस्ट्रेलियात गेले. इतक्या माणसांना वाहणार कोण? उत्तर होते : जुनी जहाजे.

१२/
एक उदाहरण मुंबईच्या घरचे आहे. १९३० मध्ये ग्लासगोत ब्रिटिश इंडिया कंपनीसाठी ‘केनिया’ नावाचे जहाज पाण्यात उतरले. मुंबई ते पूर्व आफ्रिका आणि पुढे डर्बन हा त्याचा मार्ग. नशीब काढायला आफ्रिकेत निघालेले भारतीय व्यापारी, कारकून आणि कारागीर यांची ही वाट. महायुद्धात ते ब्रिटिश आरमारात गेले. नंतर इटालियन ‘सिटमार’ कंपनीने ते विकत घेतले आणि १९५२ पासून ‘कास्तेल फेलिचे’ या नावाने ते युरोपातील स्थलांतरितांना ऑस्ट्रेलियात नेऊ लागले.

१३/
इथे थांबून विचार करावा असा हा क्षण आहे. त्याच डेकवर, त्याच कठड्याला टेकून पूर्वी उभा असलेला मुंबईचा प्रवासी या नव्या प्रवासाला पात्र नव्हता. जहाजाला नागरिकत्व बदलता आले. त्याच्या जुन्या उतारूला ते मागताही आले नसते. श्वेत ऑस्ट्रेलिया धोरणाचे अखेरचे अवशेष १९७३ मध्ये हटले. ‘कास्तेल फेलिचे’ त्याआधीच, १९७० मध्ये, तैवानमध्ये तोडले गेले होते.

१४/
सिटमारचा बाकीचा ताफाही असाच. १९५८ मध्ये आलेले ‘फेअरस्काय’ महायुद्धात ‘अटॅकर’ नावाची छोटी विमानवाहू युद्धनौका होते. ‘फेअरस्टार’ मूळचे १९५७ चे ब्रिटिश सैनिकवाहू जहाज ‘ऑक्सफर्डशायर’. १९६४ मध्ये त्याने स्थलांतरितांची पहिली फेरी केली. थोडक्यात, आधुनिक ऑस्ट्रेलियाचा एक मोठा भाग वापरलेल्या जहाजांच्या पायऱ्यांवरून उतरला आहे. ज्या कुटुंबाचा पाळणाच सेकंडहँड होता, त्याने सदऱ्याबद्दल नाक मुरडावे, यात थोडा विसराळूपणा आहे.

१५/
पुढे जेट विमाने आली आणि समुद्रमार्गे स्थलांतर संपले. ‘फेअरस्टार’ सत्तरच्या दशकात सिडनीतच स्थिरावले आणि ‘मौजेचे जहाज’ म्हणून घराघरांत पोहोचले. स्वस्त, गोंगाटाचे, अधूनमधून यंत्र बिघडणारे, तरीही लाडके. कारखान्यातील कामगार, नवविवाहित जोडपी, सुट्टीवरची तरुणाई यांना दक्षिण प्रशांतातील बेटे प्रथम दिसली ती याच्या डेकवरून. नव्या जहाजाच्या तिकिटाला त्यांचा खिसा पुरला असता का, हा प्रश्न तक्रार करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

१६/
म्हणून जहाज जुने असणे हा अपमान नव्हे. समुद्रपर्यटन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले ते कर्ज फिटलेल्या जहाजांमुळेच. शिवाय बाजार वाढताच नवी जहाजेही आली : रॉयल कॅरिबियनचे ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ २०१६ मध्ये बांधले गेले आणि त्याच वर्षअखेरीस सिडनीत दाखल झाले. महासाथीपूर्वी तिथे वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक समुद्रसफर करीत होते.

१७/
खरा सल वेगळा आहे. जहाज कधी यावे, कधी जावे, हे जिथे ते चालते तिथे ठरत नाही. जून २०२४ मध्ये कार्निव्हलने जाहीर केले की पी अँड ओ क्रूझेस ऑस्ट्रेलिया हे नावच बंद होणार. मार्च २०२५ मध्ये उरलेली दोन जहाजे ‘कार्निव्हल एन्काउंटर’ आणि ‘कार्निव्हल ॲडव्हेंचर’ झाली. ‘स्ट्रॅथेअर्ड’च्या सफरीपासून मोजलेली नव्वदहून अधिक वर्षांची परंपरा हिशेबाच्या एका ओळीत मिटली. वापरलेले जहाज स्वीकारणाऱ्याला सदरा मिळतो. कपाटाची किल्ली थोरल्याकडेच राहते.

१८/
दुसरा सल शेवटाचा आहे, आणि तो भारताच्या दारात येतो. ‘फेअरस्टार’ १९९७ मध्ये अलंगला तुटले. त्याची जागा घेणारे ‘फेअर प्रिन्सेस’, म्हणजे १९५६ चे ‘कॅरिन्थिया’, पुढे तिथेच आले. ‘पॅसिफिक सन’ चीनमध्ये ‘हेना’ होऊन २०१७ मध्ये तिथेच. ‘पॅसिफिक पर्ल’ ‘कोलंबस’ होऊन २०२१ मध्ये तिथेच. मध्ये ‘पॅसिफिक ज्वेल’, म्हणजे ‘कर्णिका’. सिडनीचे सुट्टीचे फोटोअल्बम जणू भावनगर जिल्ह्यात येऊन संपतात.

१९/
अलंगला १९८३ पासून जहाजे तुटतात. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचे, ओहोटीला ते उघडे पडले की गॅस कटरने कापायचे. कामगार बहुतांश उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले. पन्नास-साठच्या दशकांतील जहाजांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे. जहाजाने नफा दिला उत्तरेला, मौज दिली दक्षिणेला. त्याच्या म्हातारपणाची धूळ मात्र या माणसांच्या छातीत गेली. ज्या तक्रारीत या माणसांना जागा नाही, ती तक्रार अपुरी आहे.

२०/
थोडे बदलते आहे. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला. त्या विषयावरचा २००९ चा हाँगकाँग करार अखेर २६ जून २०२५ रोजी लागू झाला. जहाजातील घातक द्रव्यांची यादी ठेवणे आता बंधनकारक आहे. करार होऊन अंमलात यायला सोळा वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. तेवढ्या काळात किती जहाजे कापली गेली आणि त्या कापणाऱ्यांची नावे कुठे लिहिली गेली?

२१/
स्मृतीचा हिशेबही असाच विषम आहे. ब्रिटनचे ‘क्वीन मेरी’ १९६७ पासून लाँग बीचला जतन केलेले आहे. सिडनीत पाच वर्षे काढलेले ‘ओरियाना’ १९८६ मध्ये जपानच्या बेप्पूला गेले, पुढे चीनला आणि अखेर भंगारात. दहा लाख स्थलांतरित वाहणाऱ्या ताफ्यातील एकही मोठे जहाज ऑस्ट्रेलियाने राखले नाही. राखली ती १९७७ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांना घेऊन डार्विनला पोहोचलेली ‘तू डो’ ही छोटी मासेमारी होडी. ती सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहे. ही निवड स्तुत्य आहे. पण मोठी जहाजे पोलादाच्या भावाने जातात तेव्हा त्यांच्या खलाशांची, वाढप्यांची कागदपत्रे तरी राखावीत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक साधे साधन हाताशी आहे. जहाजाचे नाव, ध्वज, मालक, रंग सारे बदलते. पण आयएमओ क्रमांक जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो. ही पद्धत १९८७ मध्ये आली आणि १९९६ पासून सक्तीची झाली. कंपनीची जाहिरात नावापासून सुरू होते; इतिहास त्या क्रमांकापासून सुरू व्हावा.

२३/
तो क्रमांक धरून मागे गेले की ‘कर्णिका’च्या पोटात ‘पॅसिफिक ज्वेल’ सापडते आणि त्याही मागे त्या जहाजाची मूळ मागणी नोंदवणारी सिटमार कंपनी, ‘कास्तेल फेलिचे’ चालवणारी तीच. त्याच्या मागे ‘केनिया’, आणि मुंबईच्या धक्क्यावर ट्रंक घेऊन उभा असलेला उतारू.

२४/
अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत आजही तुटलेल्या जहाजांच्या खुर्च्या, बशा, आरसे विकायला असतात. कोणत्या आरशात कोण पाहून गेले, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला नको असते. सदरा कुणाकडून कुणाकडे आला, यावर पुष्कळ वाद झाला. तो शिवला कुणी, धुतला कुणी आणि फाटल्यावर त्याच्या चिंध्या कुणी वेचल्या, हे विचारायला उशीर झाला आहे. पण वेळ गेलेली नाही.

(समाप्त)