समाजमाध्यमांचा तिटकारा का?

गेल्या वर्षावासात नायगावच्या एका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर एका नवदीक्षित गृहस्थांनी आम्हांस थांबविले. त्यांच्या कन्येने धम्मदीक्षेच्या दिवशीचे सहकुटुंब छायाचित्र फेसबुकवर प्रसिद्ध केले होते. त्याखाली प्रथम अभिनंदनाच्या चार ओळी आल्या आणि मग शिव्या. काही अनोळखी माणसांच्या, काही तिच्या कचेरीतल्याच. "गुरुजी, तो फोटो काढून टाकायला सांगा तिला. मला हे फेसबुक, व्हॉट्सॲप मुळीच आवडत नाही," असे ते म्हणाले.

बौद्ध बंधुभगिनींनो, ही नावड म्हणजे वडीलधाऱ्यांची कुरकूर, असे म्हणून ती झटकून टाकणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. गाव सोडून मुंबईस आलेल्या माणसाला खोलीचे दार लावल्यावर निदान शिवी ऐकू येत नसे. आता ती रात्री अकरा वाजता उशाशी येते. आडनाव विचारण्याचीही गरज उरलेली नाही. 'जय भीम' हे दोन शब्द पाहिले की कचेरीतील बोलण्याचा सूर बदलतो आणि भाड्याने ठरलेली खोली एकाएकी दुसऱ्या कोणास दिलेली निघते. अशा स्थितीत बापाचा जीव धास्तावला तर त्याला भित्रा कोण म्हणेल?

काही दोष आपल्याही पदरी आहे. बाबासाहेबांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या छायाचित्राखाली छापून आपणच सकाळ-संध्याकाळ पुढे धाडीत असतो. असत्य न बोलण्याचे शील बोटांनाही लागू आहे! महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते उघडून पाहण्याचा आळस का करावा?

परंतु त्या गृहस्थांचे एक वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. ते म्हणाले, "हा छापखाना आपला नाही." हे खरे आहे. १९२० साली परळहून 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही घेतली नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतःची पत्रे काढली आणि स्वतःचा छापखाना उभारला. आजच्या माध्यमांचे मालक सातासमुद्रापलीकडे आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरच्या प्रमुखाने ब्राह्मणी पितृसत्तेचा निषेध करणारा फलक हाती धरला. फलकाचे चित्र एका दलित कलावतीचे होते. गहजब होताच त्या कंपनीच्या वतीने क्षमा मागितली गेली. परक्याच्या ओसरीवर बसून बोलावे लागते, त्याचा हा अनुभव.

तरीही ती ओसरी सोडावी, असे आम्हांस वाटत नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन व बुद्धभूषण छापखाना पाडण्यात आला, ती बातमी आमच्यापैकी अनेकांस प्रथम हातातल्या फोनवरच कळली. १९ जुलैच्या विराट मोर्चास निघण्याचे निरोपही तेथेच फिरले. आपला छापखाना पडला तेव्हा परक्याचाच उपयोगी आला, हा विपर्यास खरा. पण तो नाकारून कसे चालेल?

आणि शिवीला उत्तर नाही असेही नाही. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे त्या जातींतून धम्मात आलेल्यांचे अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण धर्मांतराने जात नाही. शिवी जातीवरून, अपमानाच्या हेतूने आणि लोकांच्या नजरेसमोर दिलेली असली पाहिजे. इंटरनेटवरील अशी शिवी, पीडित व्यक्ती समोर हजर नसली तरी या कायद्याखाली येऊ शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे. म्हणून मजकूर रागाच्या भरात पुसू नये. तारीख-वेळेसह त्याचे चित्र काढून ठेवावे, आणि पोलीस ठाण्यात एकट्या मुलीस न धाडता विहारातील चार माणसांनी सोबत जावे.

आम्ही त्या गृहस्थांसह असेच गेलो. ते छायाचित्र आजही तेथे आहे. गृहस्थांनी मात्र स्वतःचे खाते अद्याप उघडलेले नाही. ते रविवारी विहारात येतात आणि मुलीस तेवढा वेळ फोन घरी ठेवावयास लावतात.